काम दिले, पण धंदा बदलू दिला नाही : मुरुमहून वाचलेला आपल्या रोजगाराचा इतिहास

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर मुरुम मोडला उतरून आत वळले की आमचे गाव येते. उमरगा तालुका, धाराशिव जिल्हा, पलीकडे कर्नाटक. गावाचे नाव मुरुम, आणि आमच्या आई-बापांनी, आजी-आजोबांनी आयुष्यभर खोदला तोही मुरूमच. बहात्तरच्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामावर टिकाव, फावडे आणि घमेले घेऊन त्यांनी रस्ते केले, पाझर तलाव बांधले, खडी फोडली. आज त्यांची नातवंडे हातात आयटीआयचे, संगणकाचे, शिवणकामाचे प्रमाणपत्र घेऊन त्याच रस्त्याने पुण्याच्या गाडीला उभी असतात. आपल्या वस्तीतल्या कुठल्याही घरात विचारा, प्रमाणपत्रे दोन-तीन सापडतील. कायम नोकरी शोधावी लागेल.

हे असे का झाले? आपल्याकडे याची दोनच उत्तरे दिली जातात. सरकारी अधिकारी म्हणतात, मुलांमध्ये कौशल्य नाही. आपल्यातले काही म्हणतात, मुलांमध्ये जिद्द नाही. मित्रांनो, ही दोन्ही उत्तरे इतिहास न वाचता दिलेली आहेत. बेरोजगारी हा आपल्या पोरांचा दोष नाही आणि केवळ मराठवाड्याच्या मागासलेपणाचाही प्रश्न नाही. त्याचे मूळ बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले आहे.

'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात बाबासाहेबांनी जातीचा विचार आर्थिक अंगानेही केला. जातीमुळे नुसत्या कामाची वाटणी होत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी होते आणि ती एकावर एक अशी रचलेली असते, हे त्यांचे म्हणणे आपल्याला पाठ आहे. पण त्याच विवेचनातला पुढचा मुद्दा आपण विसरतो. उद्योग बदलतात, जुने धंदे बसतात, नवे निघतात. अशा वेळी माणसाला धंदा बदलता आला पाहिजे. जात तो बदलू देत नाही, म्हणून जात हेच देशातल्या बेकारीचे एक थेट कारण आहे, असे त्यांनी मांडले. म्हणजे आपल्यासाठी रोजगाराचा प्रश्न 'काम मिळते की नाही' एवढ्यावर संपत नाही. 'कोणते काम मिळते आणि ते सोडून दुसरे करण्याची मुभा आहे की नाही' हा खरा प्रश्न आहे. या एका कसोटीवर गेल्या शंभर वर्षांचा इतिहास तपासून पाहू.

काम होते, पगार नव्हता : वतन

गावगाड्यात महार-मांगांना काम नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. उलट चोवीस तास काम होते. सरकारी सारा पोहोचवणे, पाटलाचे निरोप देणे, वेशीवर राखण, मेलेले जनावर ओढणे, मयताची खबर परगावी नेणे. या बदल्यात वतनाचा जमिनीचा तुकडा, बलुते आणि शिळी भाकर. आजच्या भाषेत बोलायचे तर ही शंभर टक्के रोजगाराची, वारसा हक्काची, आयुष्यभराची हमी होती! त्या हमीचेच नाव गुलामगिरी होते.

छत्रपती शाहू महाराजांनी हे ओळखले आणि १९१८ साली कोल्हापूर संस्थानात महार वतन रद्द करून जमिनी रयतावा केल्या. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत'मधून वतनावर लिहिले आणि मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. मागणी साधी होती. सरकारला आमची सेवा हवी असेल तर तिचा ठरलेला पगार द्या, आणि ज्याला ही चाकरी नको असेल त्याला ती सोडण्याचा हक्क द्या. एवढी साधी मागणीही सभागृहाच्या पचनी पडली नाही आणि विधेयक मागे घ्यावे लागले.

वतनाचा लढा आपल्या जिल्ह्यालाही शिवून गेला आहे. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब तिला स्वतः आले. त्याच्या आधी डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला, त्यानंतर ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला अशाच परिषदा झाल्या. महार आणि मांग या दोन्ही समाजांना त्यांनी एका मांडवात बसवले, कारण वेठीला दोघेही जुंपलेले होते. जिल्ह्यातल्या तरुणांनी तडवळ्याला अभिवादन करायला जरूर जावे, पण ती परिषद कशासाठी होती हेही विचारावे. काम सोडण्याचा हक्क ही आपल्या रोजगाराच्या लढ्याची पहिली पायरी आहे. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. १९२८ पासून मोजा, तीस वर्षे.

गिरणीत घेतले, पण कोणत्या खात्यात?

गाव सोडून शहरात गेले की जात सुटते, ही समजूतही इतिहासाने खोटी ठरवली. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये अस्पृश्य कामगार हजारोंनी होते, पण विणकाम खात्यात नव्हते. तिथे मजुरी जास्त होती. मागावर काम करताना सूत तोंडाने ओढावे लागते, म्हणून स्पृश्य कामगारांना तिथे अस्पृश्य चालत नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, आणि ते स्वतः ज्या स्टार्ट समितीचे सदस्य होते तिनेही या बहिष्काराची नोंद घेतली.

रेल्वेतही तेच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आपण भाषणांतून ऐकतो. त्याच भाषणात त्यांनी एक बारीक गोष्ट दाखवली होती. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून जन्म काढतो, त्याला साधा पोर्टरही करत नाहीत. का? तर पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचे काम करावे लागते, आणि अस्पृश्य घरात कसा चालेल! इथे कौशल्याचा प्रश्न कुठे आला? ओझे उचलायला कोणते प्रमाणपत्र लागते? दार कौशल्याने बंद नव्हते, जातीने बंद होते. 'तुमच्याकडे कौशल्य नाही' असे आज कोणी म्हणाले की मला हा पोर्टर आठवतो.

मजूरमंत्री बाबासाहेब : चार खांबांची मांडणी

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि १९४६ पर्यंत राहिले. या चार वर्षांत त्यांनी काय केले याची यादी आपण जयंतीला वाचतो. पण ती सुटी कामे नव्हती. त्यामागची एक सलग मांडणी दिसते आणि तिचे चार खांब मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला खांब प्रशिक्षण. महायुद्धामुळे कारखान्यांना तंत्रज्ञ हवे होते. मजूर खात्याकडे तांत्रिक प्रशिक्षणाची मोठी योजना होती. त्याच काळात बेव्हिन योजनेखाली भारतीय तरुण कारागीर शिक्षणासाठी ब्रिटनलाही पाठवले जात होते. ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांचे नाव त्या योजनेला होते. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेची, म्हणजे आजच्या आयटीआयची, मुळे युद्धकाळातल्या आणि युद्धानंतरच्या या प्रशिक्षणात आहेत.

दुसरा खांब सेवायोजन कार्यालय. १९४३ साली मुंबईत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली स्थायी श्रम समितीची बैठक झाली, तिच्यापुढे कुशल आणि अर्धकुशल कामगारांसाठी सेवायोजन कार्यालये काढण्याचा विषय होता. पुढे जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय उभे राहिले. याचे महत्त्व काय? गिरणीत भरती जॉबरच्या मर्जीने होत होती. जॉबर आपल्या जातीचा, आपल्या गावचा माणूस लावायचा. नोकरीची जागा उघडपणे नोंदवली जाणे आणि नाव क्रमाने पुढे जाणे, हा जॉबरशाहीवरचा उतारा होता.

तिसरा खांब राखीव जागा. १९३४ साली केंद्र सरकारने अल्पसंख्याकांसाठी नोकऱ्यांत जागा ठेवल्या, पण अस्पृश्यांसाठी ठेवल्या नाहीत. कारण दिले की पुरेसे पात्र उमेदवार नाहीत. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्या. १९४६ मध्ये त्या १२.५ टक्के झाल्या.

चौथा खांब शिष्यवृत्ती आणि आर्थिक वाटा. त्याच निवेदनात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासाठी पैसा मागितला होता. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कार्यशाळांत आपल्या मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावे असे म्हटले होते. सरकारी बांधकामाच्या कंत्राटांतही वाटा मागितला होता. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज ज्याला आपण जी.ओ.आय. म्हणतो, ती हीच.

हे चार खांब एकमेकांना धरून आहेत. प्रशिक्षण दिले आणि जागेची नोंद उघड केली नाही, तर जॉबर आपल्याला आत घेणार नाही. जागा राखीव ठेवली आणि शिक्षणाचा खर्च दिला नाही, तर 'पात्र उमेदवार मिळत नाही' असे उत्तर तयार असते. म्हणून बाबासाहेबांनी चारही गोष्टी एकदम मागितल्या. त्यातला एकच खांब उचलून आज आपल्याला दिला जातो आणि छप्पर का उभे राहत नाही म्हणून आपल्यालाच विचारले जाते.

मुरुमला हे उशिरा पोहोचले

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मजूरमंत्री बाबासाहेबांचा अधिकार ब्रिटिश हिंदुस्थानात चालत होता. आपला उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सोलापूरच्या गिरणीत जाऊन राहिलेल्या माणसाला जे वारे लागले, ते मुरुमच्या येसकराला लागले नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात सामील झाले, १९५० ला संविधान आले, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. म्हणजे शाळा, शिष्यवृत्ती, राखीव जागा, सेवायोजन कार्यालय, हे सगळे आपल्या दारी एका पिढीने उशिरा आले. बाबासाहेबांनी हे जाणले होते. म्हणून तर पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यातला पहिल्या पिढीचा आपला मास्तर, कारकून, वकील तिथून निघाला.

आणि तो निघाल्याबरोबर काय झाले? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी आपली घरे पेटली. प्रश्न नावाचा होता, पण राग नुसता नावाचा नव्हता. काल वेशीवर राखण करणाऱ्याचा पोरगा आज शिष्यवृत्ती घेतो, नोकरीला लागतो, बोलावले तर येत नाही, हा राग होता. धंदा बदलणाऱ्या माणसावरचा तो राग होता. सोळा वर्षे लढून १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार मिळाला.

रोजगार हमी : हक्क मिळाला, पण कशाचा?

आता बहात्तरकडे येऊ. मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले, ती माणसे अजून आपल्यात आहेत. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना १९७२ मध्ये राज्याने स्वीकारली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम दिले नाही तर बेकारी भत्ता. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने हाच धडा देशभर नेला. मी या कायद्याला कमी लेखत नाही. पाटलाच्या वाड्यासमोर हात न पसरता सरकारी मस्टरवर नाव लावून मजुरी घेता येते, हा आपल्या माणसाला, आणि विशेषतः आपल्या बायांना, मोठा आधार होता. सालगड्याची मजुरी ठरवताना मालकाला पहिल्यांदाच विचार करावा लागला. तहसीलवर मोर्चा काढून काम मागायला आपल्या अनेक कार्यकर्त्यांनी इथेच शिकले.

पण आपली कसोटी लावा. हमी कशाची होती? अंगमेहनतीच्या अकुशल कामाची. दहा वर्षे खडी फोडणारा दहाव्या वर्षीही अकुशलच राहिला. मस्टर लिहिणारा, मोजमाप घेणारा, गवंडी, यांत्रिक होण्याची वाट त्या कायद्यात आखलेली नव्हती. दुसरे, कामातून जे उभे राहिले ते कोणाचे झाले? पाझर तलाव भूमिहीनाने खोदला, त्याचे पाणी खालच्या शेतातल्या विहिरीला लागले. मजुरी आपली, मालमत्ता दुसऱ्याची. आपल्या भागात ऊस आला, साखर कारखाना आला, त्यात या पाण्याचाही वाटा आहे. आपल्या वाट्याला उसाची तोड आली.

याला दुसरा मार्ग नव्हता असे नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर वाटण्याचे तत्त्व ठेवले आणि भूमिहीनालाही वाटा धरला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये मराठवाडा-खानदेशात आणि १९६४ च्या डिसेंबरमध्ये देशभर जो भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्याची मागणी हीच होती. नुसती मजुरी नको, साधन द्या. ४० वर्षांनी, २००४ मध्ये, त्यांच्याच नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आली. भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत. आपल्या तालुक्यात ती किती घरांना मिळाली, हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने समाजकल्याण कार्यालयात विचारावा.

आजचे कौशल्य, आजचे कंत्राट

सेवायोजन कार्यालयाचे नाव आता कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झाले आहे. नाव लांबले, काम आखूड झाले. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ हजार, पदवीधराला दहा हजार रुपये महिना. मुदत सहा महिने, पुढे ती वाढवली. त्यानंतर काय? कार्यालयात पोरगा तेच काम करतो जे कायम कर्मचारी करतो, पण तो कर्मचारी नाही, 'प्रशिक्षणार्थी' आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तर नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी कामांसाठी कंत्राटी माणसे घेण्याचा शासन निर्णय निघाला होता. तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. लक्षात घ्या, ठेकेदाराने भरलेल्या जागेला बिंदुनामावली लागत नाही. १९४३ चा खांब पाडायला संविधान बदलावे लागत नाही, ठेकेदार नेमला की पुरते. जॉबर परत आला आहे, फक्त त्याला आता एजन्सी म्हणतात.

एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देण्याची लाड-पागे समितीची तरतूद आपल्या अनेक घरांचा आधार आहे. ती काढा असे मी म्हणणार नाही, कारण ती काढली तर ती जागाही ठेकेदाराच्या घशात जाईल. पण बापाचा झाडू मुलाच्या हाती येणे आणि बापाचे वतन मुलाच्या हाती येणे यात फरक किती? वारसाला नोकरी द्या, पण त्याच्या शिक्षणाप्रमाणे दुसऱ्या पदावर जाण्याचा हक्कही द्या, अशी मागणी आपण का करत नाही?

'नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा' असे सांगणारेही आपल्यात आहेत. २००५ मध्ये दलित उद्योजकांची संघटना डिक्की पुण्यात स्थापन झाली. २०१२ पासून केंद्राच्या खरेदीत चार टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ठेवला आहे. हे बाबासाहेबांच्या १९४२ च्या कंत्राटाच्या मागणीशी जुळते, म्हणून त्याची थट्टा करू नये. पण गंगाराम कांबळेंचे हॉटेल आठवा. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला शाहू महाराजांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढायला मदत केली. दुकान निघाले, पण चहा पिणार कोण? महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले, बरोबरच्या सरदारांनाही पाजू लागले. महाराजांनी भांडवल दिले आणि गिऱ्हाईकही उभे केले. आपली महामंडळे कर्जाची फाईल करतात, गिऱ्हाईक उभे करत नाहीत. मुरुमच्या बाजारात आपल्या पोराने खानावळ काढली तर तिथे कोण जेवेल, याचा विचार कोणत्या प्रकल्प अहवालात असतो?

आपण काय करायचे

आपल्या गावात, उमरग्यात, धाराशिवला कोणताही रोजगार मेळावा किंवा प्रशिक्षण वर्ग भरला की चार प्रश्न लेखी विचारा. शिकवल्यानंतर कायम जागा किती आणि कुठे? ती जागा उघडपणे नोंदवली आहे का? तिला बिंदुनामावली लागते का? शिकताना घरखर्च आणि भाडे कोण देणार? उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करा. आयटीआयमध्ये आपल्या किती मुली यांत्रिक शाखांत आहेत आणि किती शिवणकामात, हे मोजा. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. कोण काय शिकले, कुठे लागले, कुठून काढले, ते तिच्यात लिहा. आपला आकडा आपल्याकडे नसेल तर सरकार सांगेल तो आकडा मानावा लागतो.

केंद्राने २०१८ पासून आपला जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत धरला आहे. आकांक्षा तर आपली शंभर वर्षांपासून आहे आणि ती वतनाच्या लढ्यात, तडवळ्याच्या परिषदेत, मनमाडच्या भाषणात लिहून ठेवलेली आहे. आम्हाला काम द्या, ही आपली मागणी कधीच नव्हती. काम आम्हाला हजारो वर्षे फुकट मिळाले. नको ते काम सोडता आले पाहिजे, हवे ते शिकता आले पाहिजे आणि शिकलेल्या कामाची जागा हक्काने मिळाली पाहिजे, ही आपली मागणी आहे. आमच्या आजोबांनी मुरूम खोदला. नातवाने त्या रस्त्याचा नकाशा काढावा, त्याचे बिल तपासावे, तो मंजूर करणाऱ्या खुर्चीत बसावे. तोपर्यंत हा लढा संपलेला नाही.

जय भीम!